टॅन्सीचं बी

बी इतकं बारीक
की मोजायला बसलो तर
माझ्याच श्वासाने निम्मं उडालं.
पुरायचं नाही, नुसतं भुरभुरायचं,
तळव्याने अलगद दाबायचं,
उजेड लागतो याला, म्हणाली होती टॅमसिन,
नदीकाठी किडे मोजत फिरणारी पोरगी,
बुटांत ऊझचा अर्धा चिखल घेऊन.
अंड्यांच्या पुठ्ठ्याचे बारा खळगे भरले
आणि खिडकीत ठेवले,
जिथे मेरियलचा चष्मा असायचा.

मेरियल असती तर हसली असती.
नाही. चिडली असती.
चाळीस वर्षं तिने हेच झाड उपटलं,
कुंपणाखालून, शेडमागून, घेवड्याच्या वाफ्यातून.
मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी
पुढल्या एप्रिलला हजर, घरजावयासारखं.
"वास तर बघ," हात माझ्या नाकाशी धरून म्हणायची,
"कापराच्या डबीत कुणी औषध सांडलंय."
तिची आजी ईस्टरला याच पानांचा रस घालून
अंड्यांचं पुडिंग करायची, हिरवंगार, कडूजहर,
आणि पोरांनी तोंड वाकडं केलं की
वर आणखी एक चमचा वाढायची.

आणि मी? बत्तीस वर्षं नेबर्नच्या लॉकवर.
पाणी वर घे, पाणी खाली सोड.
होड्या गेल्या, माणसं हात हलवून गेली.
काठावर काय जगतंय, काय मरतंय,
खाली वाकून कधी पाहिलं नाही.

तो भुंगा टॅन्सीवरच राहतो.
तिचीच पानं खातो, तिथेच अंडी घालतो.
मोरपिशी हिरवा, नखाएवढा.
पंख आहेत, पण उडणं जवळपास नाहीच.
झुडूप संपलं की खाली उतरतो
आणि चालायला लागतो.
पुढचं झुडूप कुठे आहे हे त्याला कोण सांगणार?
मध्ये विलो माजलेत, मध्ये पूर येऊन गेलेत,
आणि मध्ये आमच्यासारखे,
काठ साफ ठेवणारे.

पंधराव्या दिवशी हिरवा धागा.
मग दोन. एका खळग्यात सात, तीनांत काहीच नाही.
पहिल्या वर्षी नुसती पानं, पिसासारखी कातरलेली.
फूल नाही. मी म्हटलं, घाई कुणाला आहे.
दुसऱ्या ऑगस्टला पिवळी बटणं लागली,
पाकळी नाही, नखरा नाही,
झगा घालायला विसरून फक्त बटणं लावलेली.

भुंगा काही आला नाही.

मग मी अंतर मोजलं. फाटकापासून नदीपर्यंत
दोनशे अकरा पावलं, माझी, गुडघा दुखत असताना.
त्याची किती होतील देव जाणे.
क्लेमंट रेस्ट्रिकला विचारलं, तुझ्या कुरणाच्या कडेने लावू का?
"मेंढ्यांच्या पोटात गेलं म्हणजे?"
आठवडाभर बोलला नाही.
मग स्वतःच तारेपलीकडचा चर दाखवला:
"इथे लाव. आणि मुळं आत आली तर
तुलाच खणायला लावीन."

सहा ठिकाणी लावली. सहा थांबे.
लॉन कापायचं यंत्र शेडमध्ये गंजतंय.
मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, बागेचं रान झालंय म्हणे.
म्हटलं, हो.

आज सकाळी फाटकाजवळच्या झुडपाची
चार पानं कडेने कुरतडलेली.
क्लेमंट म्हणतो, गोगलगाय.
असेल.
बागेला कीड लागली म्हणून
आनंदाने चहा सांडणारा
यॉर्कशायरमधला मी पहिलाच म्हातारा असेन.
मेरियल, रागावू नकोस.
बॅटरीत नवे सेल घातलेत,
अंधार पडला की गुडघे टेकून
पानांखाली बघणार आहे.